भंगारांतला ऑईल कूलर

मोटारीचें इंजिन पाण्यानें निवतें, ही समजूत अर्धीच खरी आहे. सिलिंडरांच्या भिंती आणि त्यांचें वरचें झांकण यांच्याभोंवतीं पाणी खेळतें. परंतु क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांवर फिरतो तेथें, किंवा पिस्टनच्या खालच्या अंगाला, पाणी कधींच पोंचत नाहीं. तेथें पोंचतें तें तेल. घांसणाऱ्या दोन धातूंच्या मध्यें पातळ पडदा धरणें हें तेलाचें प्रसिद्ध काम होय. तेथली उष्णता उचलून खालच्या टाकींत आणून सोडणें हें त्याचें दुसरें काम, आणि त्याची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. टाकीच्या पत्र्यावरून वारा वाहतो व तेल निवतें. गाडी गांवांतल्या गांवांत फिरत असली तर एवढ्यानें भागतें. ती तास दोन तास भर वेगानें पळविली म्हणजे मात्र तेलाला निवण्यास उसंत मिळत नाहीं. तें पातळ होत जातें, आणि काट्यावरील दाब हळूहळू उतरूं लागतो.

इंग्लंडांत १९५९ सालीं लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एम-१ या मोटारमार्गाचा पहिला मोठा टप्पा खुला झाला, आणि १९६५ च्या डिसेंबरपर्यंत त्यावर वेगाची मर्यादाच नव्हती. याच काळांत, १९६२ सालीं, ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथून एम. जी. बी. ही लहान उघडी स्पोर्ट्स गाडी बाहेर पडली. तिचें १७९८ घनसेंटिमीटरचें इंजिन आपल्याकडील वाचकांना अगदींच परकें नाहीं. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडरमध्यें अनेक वर्षें जें १४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन होतें, त्याच कुळांतलें हें थोरलें भावंड. एम. जी. बी.चें उत्पादन १९८० पर्यंत चाललें व पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांपैकीं कित्येकींना ऑईल कूलर कारखान्यांतूनच बसविलेला असे. आरंभींच्या कांहींना तो नसे. साहजिकच अशा एखाद्या जुन्या गाडीच्या मालकाला वाटतें, कीं भंगारांत गेलेल्या धाकट्या बहिणीचा कूलर काढून आपल्या थोरलीला बसवावा. विचार वाईट नाहीं. मात्र स्वस्तांत मिळालेल्या या वस्तूपायीं सबंध इंजिन गमावण्याचाहि संभव असतो.

पहिला प्रश्न गरजेचा. या गाडींत पुढच्या फळीवर तेलाच्या दाबाचा कांटा आहे, पण तेलाच्या उष्णतेचा नाहीं. त्यामुळें बहुतेक कूलर अंदाजानेंच बसविले जातात. लांबच्या प्रवासानंतर लगेच टाकींतील तेलाची उष्णता मोजून पाहणें कठीण नाहीं. ती शंभर अंशांच्या आसपास असेल तर इंजिनाची तक्रार नाहीं. उलट तेल ऐंशी अंशांपर्यंत कधीं तापलेंच नाहीं, तर त्यांत उतरलेली वाफ व पेट्रोल उडून जात नाहींत आणि त्याचा चिखल होतो. थंड मुलखांत, आणि जवळपासच फिरणाऱ्या गाडीला, कूलर हा लाभ नसून उपद्रव आहे. तेल तापेपर्यंत त्याला कूलरला वळसा घालून परत पाठविणारा थर्मोस्टॅट मध्यें बसविला म्हणजे ही अडचण बरीचशी दूर होते. मूळ गाडींत तो नव्हता.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर: ज्या गाडीचा कूलर काढला ती मेली कशानें? अपघातानें, गंजानें, कीं इंजिन फुटून? बेअरिंग झिजून उखडलें असेल तर त्याच्या मऊ धातूचे बारीक कण तेलाबरोबर सगळीकडे फिरतात, आणि सर्वांत अधिक अडकतात ते कूलरमध्यें. कूलर बाहेरून रेडिएटरसारखा दिसला तरी त्याच्या आंतल्या चपट्या वाटा अरुंद असतात. तेल घुसळलें जाऊन पत्र्याला उष्णता देत राहावें म्हणून त्यांत मुद्दाम कंगोरे ठेवलेले असतात. त्या कंगोऱ्यांच्या मागें बसलेला कण रॉकेलनें धुतला तरी निघेल अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. उलट्या दिशेनें रॉकेल सोडून, पुन्हां पुन्हां हलवून, निघालेलें रॉकेल पांढऱ्या फडक्यांतून गाळून पाहावें. फडक्यावर चमक दिसली कीं तो कूलर भंगारांत परत जाऊं द्यावा. एम. जी. बी.ची रचना यांत थोडी दयाळू आहे. तिच्यांत पंपानें उचललेलें तेल इंजिनाच्या ठोकळ्याच्या मागील तोंडांतून बाहेर पडतें, कूलरमधून जातें, मग फिल्टरमध्यें आणि तेथून बेअरिंगांकडे. म्हणजे कूलरमधून सुटलेला कण फिल्टरमध्यें अडकण्याची आशा असते. परंतु फिल्टर तुंबला तर त्याची बगलझडप उघडते आणि तेल न गाळतांच पुढें जातें. ज्या गाड्यांत कूलर फिल्टरच्या पुढें असतो, त्यांत तर एवढीहि आशा नसते. तेथें इतिहास ठाऊक नसलेला जुना कूलर बसवूं नये, हेंच खरें.

धुतल्यावर दोन्हीं तोंडें बंद करून, आंत हवेचा दाब देऊन, कूलर पाण्याच्या टबांत बुडवावा. बुडबुडा आला तर सांधा फुटलेला आहे.

आतां नळ्या. येथें काटकसरीला जागाच नाहीं. कूलर जुना चालेल. रबरी नळ्या चालणार नाहींत. रबर बाहेरून तुकतुकीत राहून आंतून कडक होतें, त्याच्या खपल्या सुटतात, आणि वर पोलादी जाळी विणलेली असली तर आंतली दशा दिसतहि नाहीं. या इंजिनांत टाकी भरण्यास सुमारें सव्वाचार लिटर तेल लागतें, आणि कूलरच्या नळ्यांतून जातें तें पंपाच्या पूर्ण दाबाखालचें तेल. चालत्या वेगांत एक नळी फुटली तर टाकी रिकामी होण्यास मिनिटभर पुरतें. चालकाचें लक्ष कांट्याकडे गेलें नाहीं, तर त्याला पहिली सूचना मिळते ती बेअरिंगांच्या खडखडाटाची, आणि तेव्हां फार उशीर झालेला असतो. जुन्या नळ्यांचा उपयोग एकच: नव्या किती लांबीच्या घ्यावयाच्या याचें माप म्हणून.

बसवितांना कूलर रेडिएटरच्या पुढें, वाऱ्याच्या तोंडीं येतो. त्याचीं दोन्हीं तोंडें वर ठेवणें बरें; खालीं ठेवलीं तर वरच्या भागांत हवा कोंडून राहते आणि तेवढा भाग फुकट जातो. रेडिएटरशेजारच्या पत्र्यांतून नळ्या जेथें पार होतात तेथें रबरी कडें हवेंच. पत्र्याच्या धारेनें साधी नळी कापली जाते. जाळीची नळी उलट पत्र्यालाच कानशीप्रमाणें खाते. आट्यांविषयीं एक इशारा आवश्यक आहे. इंग्रजी नळीच्या आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा, अमेरिकन पद्धतीच्या आट्यांचा साठ अंशांचा. दोघांची जोडी पहिले दोन फेरे बिनतक्रार लागते, आणि तेथेंच फसगत होते. तिसऱ्या फेऱ्याला जोर लावला कीं ॲल्युमिनियमचे आटे गेले. हातानें जें फिरत नाहीं तें पान्यानें फिरवूं नये. शेवटीं आवळतांनाहि दोन पाने घ्यावेत: एकानें कूलरच्या मानेचा षट्कोन स्थिर धरावा, दुसऱ्यानें नळीची चाकी फिरवावी. एकाच पान्यानें घाई केली तर मान पिळवटते, आणि पाण्याच्या टबांत खरा ठरलेला कूलर गाडीवर गळूं लागतो.

सर्व जोडून झालें तरी किल्ली फिरवून इंजिन लगेच सुरू करावयाचें नाहीं. कूलर आणि नळ्या रिकाम्या आहेत. त्या भरेपर्यंत बेअरिंगांना तेल मिळणार नाहीं. म्हणून शक्य तेवढें तेल कूलरमध्यें अगोदरच ओतावें, स्पार्क प्लग काढून ठेवावेत व कांटा हलेपर्यंत इंजिन नुसत्या स्टार्टरवर, थांबत थांबत, फिरवावें. दाब दिसला कीं प्लग परत लावून इंजिन सुरू करावें. कूलरमध्यें अर्ध्या लिटरला थोडें कमी तेल मावतें, तेव्हां इंजिन थांबवून टाकींतली पातळी पुन्हां पाहून तेवढी भर घालावी लागते. मग दहा मैलांची एक फेरी, आणि परत आल्यावर प्रत्येक सांध्याखालीं कोरडा कागद. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या कागदावर डाग नसेल, तर पुढील बाजूच्या जाळीचे स्क्रू आवळून टाकावयास हरकत नाहीं.