मळमळीची मोजदाद

1941 साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी रुग्णांना पेनिसिलिन टोचलं, तेव्हा माणूस वाचतो की नाही एवढाच प्रश्न होता. मळमळीकडे कोण बघणार? ते पेनिसिलिन पोटातल्या आम्लात टिकत नसे, त्यामुळे सुईला पर्याय नव्हता. 1955 पासून पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून निघू लागलेल्या कुप्याही इंजेक्शनच्याच.

पोटाच्या तक्रारी वाढल्या त्या पेनिसिलिनच्याच कुळातली तोंडाने घ्यायची औषधं आल्यावर. 1961मध्ये आलेलं ॲम्पिसिलिन आतड्यात अर्धवटच शोषलं जाई आणि उरलेलं तिथल्या उपयोगी जीवाणूंवर उठे. 1972चं ॲमॉक्सिसिलिन या बाबतीत बरंच सुधारलेलं होतं. मग 1981मध्ये ब्रिटनमध्ये ऑगमेंटिन आलं. त्यात ॲमॉक्सिसिलिनच्या मदतीला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड होतं आणि पोट बिघडण्याचं प्रमाण पुन्हा वाढलं.

आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली ‘625’ची गोळी बघा. तिच्यात 500 मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन आणि 125 मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असतं. ‘375’च्या गोळीतही क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड 125च. म्हणजे 625 मिळाली नाही म्हणून 375च्या दोन घेतल्या, तर त्याचा डोस दुप्पट होतो आणि पोटाला त्रासही जास्त. पुढे दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या आल्या, त्यात ॲमॉक्सिसिलिन वाढवलं, हा घटक मात्र 125च ठेवला. जुलाब कमी झाले.

मळमळीचं काय? युरोपातल्या 12 देशांत खोकल्याच्या सुमारे दोन हजार रुग्णांवर झालेल्या ॲमॉक्सिसिलिनच्या चाचणीचे निष्कर्ष 2013मध्ये प्रसिद्ध झाले. खोट्या गोळीच्या तुलनेत दर 21 जणांमागे एकाला जास्तीचा त्रास झाला; पण मळमळ, जुलाब आणि पुरळ यांची तिथे एकत्रच मोट बांधलेली होती. 2015च्या एका आढाव्यात 45 चाचण्या तपासल्या, त्यात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमुळे होणारे जुलाब स्पष्ट दिसले, मळमळीतली वाढ मात्र ठोसपणे सिद्ध झाली नाही. पण दुष्परिणामांची वापरता येण्याजोगी नोंद होती ती फक्त 25 चाचण्यांत! इतकी वर्षं वापरात असलेल्या औषधाच्या बाबतीत ही हेळसांड मला अक्षम्य वाटते.

तिची किंमत रुग्ण मोजतो. नुसत्या मळमळीवरून ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शेरा कागदावर बसतो आणि मग गरज असतानाही हे औषध टाळलं जातं. म्हणून डॉक्टरांना नेमकं सांगा: मळमळ झाली, की अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला? यातली पहिली गोष्ट ॲलर्जी नव्हे. बाकीच्या दिसल्या तर तातडीने दवाखाना गाठा. आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवाली गोळी जेवणाच्या सुरुवातीला घ्या, उपाशीपोटी नको.