चेन्नईचे पाणी आणि शेतीचा वाटा

चेन्नईत वर्षाकाठी सुमारे 1,400 मिमी पाऊस पडतो. तरीही 2019 च्या उन्हाळ्यात शहराचे जलाशय कोरडे पडले. निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कोसळतो आणि त्यातील बराचसा समुद्रास मिळतो. तूट भरून काढण्यासाठी कुड्डालोर जिल्ह्यातील वीराणम तलावातून लांब जलवाहिनीने पाणी आणले जाते. हा तलाव मुळात सिंचनाचा. शहराच्या उत्तरेस मींजूर परिसरात तर विहिरींच्या अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी भूजलात शिरले आहे. शहराने स्वतःच्या हद्दीत मिळविलेले पाणी शेतीच्याही हिताचे आहे, ते यासाठीच.

तमिळनाडूने 2003 मध्ये इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. 100 चौ.मी. छतावर वर्षभरात 1,40,000 लिटर पाणी पडते. 20 टक्के घट धरली तरी 1,12,000 लिटर हाती उरते. मात्र गाळणी पावसाळ्यापूर्वी स्वच्छ न केल्यास पुनर्भरण खड्डा गाळाने बुजतो आणि सक्ती केवळ कागदावर राहते.

सांडपाणी हा अधिक भरवशाचा स्रोत होय, कारण ते दुष्काळातही वाहते. कोयंबेडू व कोडुंगैयूर येथील प्रत्येकी 45 दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेचे प्रकल्प सांडपाणी आरओ पद्धतीने शुद्ध करून उद्योगांना पुरवितात. उद्योगांनी हे पाणी घेतले की तितकेच गोडे पाणी नागरिकांसाठी मोकळे होते आणि गावच्या विहिरींकडे वळणारे टँकर कमी होऊ शकतात.