जाताना दोन तास, येताना साडेचार?

आखातात नोकरीला असलेल्या लेकाकडे पहिल्यांदाच निघालेले पुलगावचे आईवडील तिकिटावरच्या वेळा वाचून हिशेब मांडतात. समजा, नागपूरहून विमान पहाटे 4 ला सुटून शारजाला 6 ला उतरतं. म्हणजे दोन तास. परतीचं तिथून रात्री 10 ला निघून इथे अडीचला पोचतं, म्हणजे साडेचार. मग घरात ठरून जातं, की येताना विमान लांबून फिरून येतं.

खरं तर उलट आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि शारजाचं घड्याळ आपल्या दीड तास मागे चालतं. जाताना दीड तास मिळवा, येताना वजा करा. जायला साडेतीन, यायला तीन! मोठा वाटणारा प्रवासच लहान निघतो. अंतर मात्र दोन्ही वेळा तेच, सरळ रेषेत सुमारे 2,450 किलोमीटर.

मग हा अर्ध्या तासाचा फरक कशामुळे? ‘पृथ्वी फिरते म्हणून’ हे उत्तर शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येतं. पण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तिच्यामुळेच फरक पडत असता, तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं होतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तो फायदा कोणालाच मिळत नाही. कारण आहे वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडे वाहणारा जोरदार झोत असतो. ताशी दीडशे किलोमीटरचा वेग त्याला नवा नाही. त्याच्या आसपासच्या पट्ट्यातही येणाऱ्या विमानाला हे पश्चिमी वारे पाठीशी मिळतात, जाणाऱ्याला तोंडावर. पावसाळ्यात झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि फरक कमी होतो.

वाऱ्याची ही ताकद एअर इंडियाने 2016 मध्ये वापरली. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून सुमारे 13,900 किलोमीटर जात असे. ते पॅसिफिकवरून वळवल्यावर अंतर 15,300 किलोमीटरच्या घरात गेलं, तरी वेळ वाचला! जवळचा रस्ता तो लवकरचा, हे आकाशात नेहमी खरं नसतं.

नकाशावर पट्टी ठेवून मार्ग शोधणंही फसवं. मुंबई–न्यूयॉर्क रेघ सपाट कागदावर उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, तो स्वीडनवरून जातो.

पुलगावकरांची सर्वांत महागडी चूक मात्र तारखेची असते. तिकिटावर 12 तारीख, पहाटे 4. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे रात्री 1 ला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर हजर राहायचं. पुलगाव ते नागपूर रेल्वेने सुमारे 110 किलोमीटर, दोन तासांची वाट, गाडी उशिरा आली तर आणखी. म्हणून घर सोडायचं ते 11 तारखेच्या संध्याकाळीच.