व्याधी आणि मुलुख (लेखांक ६) : फेफरे आणि डॉक्टरचा प्रांत

मेंदूतील विद्युत्-व्यापार क्षणभर बेताल झाला म्हणजे अपस्माराचा झटका कसा येतो, हे गेल्या लेखांकी पाहिले. आज रोगाकडून त्याची चिकित्सा करणाराकडे वळावयाचे आहे. वैद्यकाची एकच सनद घेतलेले दोन डॉक्टर, एक म्हैसुराकडे आणि दुसरा बिहारात, दवाखाना थाटून बसले, म्हणजे दहा-पंधरा वर्षांत फेफऱ्याविषयीच्या त्यांच्या ज्ञानात विलक्षण तफावत पडते. आणि या तफावतीचे मूळ पुष्कळ अंशी त्यांच्या दारी येणाऱ्या रोग्यांत असते.

म्हैसूर-चामराजनगर भागात डोक्यावरून भराभर कढत पाणी ओतून न्हाण्याची रीत आहे, आणि असे न्हाताना ज्यांना झटका येतो असे रोगी यळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत दर लाखास २५५ इतके आढळले. तेथील जाणत्या डॉक्टराच्या तोंडी ‘न्हाताना होते का?’ हा प्रश्न आपसूक येतो. पाणी कोमट घ्यावयास सांगून, आणि काहींना न्हाण्याआधी क्लोबझामची गोळी देऊन, तो पुष्कळांचे काम भागवतो. हाच रोगी चाकरीनिमित्त परमुलखी गेला आणि तेथे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर वर्षानुवर्षे रोज गोळ्या घेण्याची पाळी त्याच्यावर यावी, यात नवल नाही.

याहून मोठे उदाहरण डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीचे. त्याची अंडी मलदूषित अन्नपाण्यावाटे पोटात गेली, की अळ्या मेंदूत घर करतात आणि झटके सुरू होतात. म्हणजे जन्मात मांस न शिवलेला मनुष्यही यातून सुटत नाही, हे शाकाहारी कुटुंबास पटवताना डॉक्टरांची मोठी तारांबळ उडते. उत्तर प्रदेश-बिहाराकडे हे कारण नित्याचे, तर केरळात विरळा. दोन महायुद्धांच्या दरम्यान हिंदुस्थानात चाकरी करून विलायतेस परतलेल्या गोऱ्या सैनिकांना जेव्हा झटके येऊ लागले, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना हा कृमी मुळी आठवलाच नाही. कित्येकांवर उन्मादाचा शिक्का बसला. अखेर १९३०च्या दशकात विल्यम मॅकआर्थर या लष्करी डॉक्टराने कातडीखालच्या गाठींवरून खरे कारण ओळखले, आणि १९६१ साली डिक्सन व लिप्सकोंब यांनी अशा ४५० रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आपल्याकडेही सीटी स्कॅन आल्यावर मेंदूतील कड्यासारखा डाग दिसला, की क्षयाची गाठ समजून महिनोन्महिने क्षयाची औषधे देण्याचा प्रघात पडला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शल्यचिकित्सकांनी त्या गाठी काढून तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुतेक कृमीच्या निघाल्या.

इतका वेळ सांगितले ते ज्ञान प्रांताप्रांताचे. त्याची उणीव क्षम्य म्हणता येईल. परंतु जे ज्ञान सर्वत्र सारखे असावयास हवे, तेही सारखे नाही, आणि ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. पहाटे उठताच हात दचकून चहाचा कप उडतो, अशी तक्रार असलेल्या तरुण मुलास कार्बमॅझेपिन दिल्यास तो दचका पुष्कळदा वाढतो, आणि मग औषध बदलण्याऐवजी मात्रा वाढवली जाते. वालप्रोएट हे औषध गर्भातील बालकास अपाय करू शकते, हे तर विवाहयोग्य मुलीस ते लिहून देताना ध्यानी असलेच पाहिजे. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने १९९८पासून अपस्मारग्रस्त गर्भवतींची नोंदवही ठेवून ही जाण वाढवली, पण अशी दप्तरे सर्व प्रांतांत नाहीत.

यातील दैवदुर्विलास असा, की बंगळूर व त्याच्या आसपास निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेने सुमारे एक लाख लोकांची जी पाहणी केली तीत शहरात दर हजारी ५·७, तर खेड्यांत ११·९ अपस्मारी आढळले. म्हणजे जेथे रोग दुप्पट, तेथेच त्याचा जाणकार दुर्लभ. मज्जाविकारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी येऊन राहतील, ही आशा मला फोल वाटते. त्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरासच शिकवावे, हा मार्ग परीक्षेस उतरलेला आहे: चीनच्या ग्रामीण भागात २००० ते २००४ या काळात थोडक्या शिक्षणाने तयार केलेल्या स्थानिक डॉक्टरांनी १९१२पासून ज्ञात असलेले, अत्यंत स्वस्त फेनोबार्बिटल वापरून दोन हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार केले, आणि ज्यांनी वर्षभर औषध घेतले त्यांपैकी ६८ टक्क्यांचे झटके निम्म्याने वा अधिक घटले. हे औषध जुनाट आहे, सुस्ती आणते, हे सर्व खरे. पण औषधाविना राहणाऱ्याला ते नाकारण्याचे हे कारण होऊ शकत नाही.

ज्यांच्या घरी असा रोगी आहे, त्यांना एक विनंती. डॉक्टरांकडे जाताना झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसास बरोबर न्यावे, जमल्यास झटक्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, रोगी पूर्वी कोणत्या मुलखात राहिला होता आणि झटका न्हाताना, झोपेत की पहाटे येतो, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. आणि गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये.