घोडबंदर मार्ग : अवजड वाहतूक आणि डोंगराचे संरक्षण

एका बाजूस अंधेरी व बोरिवली, दुसऱ्या बाजूस घाटकोपर व मुलुंड अशी मुंबईची उपनगरे ज्या डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना वसली आहेत, ती रांग म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होय. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या वनक्षेत्राच्या कुशीत मुंबईला पाणी पुरविणारे तुळशी व विहार हे जुने तलाव आहेत. या डोंगराच्या उत्तर कडेने ठाण्याहून घोडबंदरकडे जाणारा रस्ता गायमुखचा घाट चढून पश्चिम द्रुतगती महामार्गास मिळतो. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे जाणारे मालाचे ट्रक व कंटेनर मोठ्या संख्येने याच मार्गाचा अवलंब करतात. त्यामुळे या रस्त्याचा प्रश्न केवळ कोंडीचा नसून डोंगराच्या संरक्षणाचाही आहे.

वजन, चढ आणि धूर

सपाट रस्त्यावरील ट्रक आणि घाट चढणारा ट्रक यांत मोठा फरक असतो. भरलेले वाहन चढावर खालच्या गिअरमध्ये चालते, अधिक इंधन जाळते व अधिक धूर सोडते. उतारावर ब्रेक व टायर झिजून निघणारी धूळ पहिल्याच पावसात ओढ्यांत उतरते. रस्त्याची हानी तर वजनाच्या मानाने फारच वेगाने वाढते. आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. झिजलेला घाटरस्ता पुनःपुन्हा दुरुस्त करावा लागतो आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर डोंगरावरील ताण वाढत जातो.

रात्रीचा प्रश्न

शहरातील गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी घालण्याच्या अधिसूचना वेळोवेळी काढल्या जातात. विद्यार्थी, नोकरदार व रुग्णवाहिका यांच्या दृष्टीने त्या आवश्यकच आहेत. तथापि, दिवसा थोपविलेला ट्रक नाहीसा होत नाही. तो रात्री धावतो आणि बिबट्या, सांबर, रानडुक्कर यांच्या संचाराची वेळही तीच असते. शहराची सोय पाहणारा नियम अशा रीतीने वनाच्या गैरसोयीचा ठरू शकतो.

या संदर्भात ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या बिबट्याचे उदाहरण बोलके आहे. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीत पडलेल्या या नराला बाहेर काढून गळ्यात पट्टा बसविण्यात आला व माळशेज घाटात सोडण्यात आले. सुमारे १२० किलोमीटरचे अंतर तोडून तो महिनाभरात मुंबईलगतच्या या वनात पोहोचला. २०११ मध्ये मात्र महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. सह्याद्रीपासून उपनगरापर्यंत वन्यप्राण्यांची वाट अद्याप जिवंत आहे आणि ती रस्त्यांवर येऊन तुटते, हे दोन्ही त्यातून सिद्ध झाले.

कायद्यातील तरतुदी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ अन्वये सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्याचे स्वरूप लक्षात घेऊन विशिष्ट मार्गावर विशिष्ट प्रकारच्या वाहनांना बंदी वा निर्बंध घालता येतात. कलम ११४ नुसार वाहनाचे वजन करून घेता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड असून जादा माल उतरविल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. उद्यानाभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाले आहे.

इतरत्रचा अनुभव

कर्नाटकातील बंदीपूर राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध आले. आपल्याच राज्यात पेंच परिसरातील महामार्गाखाली वन्यप्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधण्यात आले व वाघांसह अनेक प्राणी त्यांचा वापर करू लागले. स्वित्झर्लंडने १९९४ च्या सार्वमतानंतर आल्प्स ओलांडणारा माल रेल्वेकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले. तेथे २००१ पासून ट्रकवर वजन, अंतर व प्रदूषण यांनुसार कर आकारला जातो आणि त्या उत्पन्नातून रेल्वेच्या कामांस साहाय्य होते. कोकण रेल्वेनेही १९९९ मध्ये भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून कोलाड ते वेर्णा नेण्याची सेवा सुरू केली होती.

पुढील दिशा

ठाणे-बोरिवली जोडबोगद्याच्या कामाचा शुभारंभ १३ जुलै २०२४ रोजी झाला. उद्यानाखालून जाणारा हा मार्ग घाटावरील भार हलका करू शकेल. परंतु बोगद्यालाही शिस्त हवी. २००१ मध्ये गोथार्डच्या रस्ता-बोगद्यात ट्रकांची टक्कर होऊन आग लागली व ११ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे ट्रक ठरावीक अंतराने, मोजून आत सोडण्याची पद्धत आली.

वेळ ठरविताना वाहतूक पोलिसांबरोबर वन विभागाचे मत घेणे, वनालगतच्या टप्प्यात रात्रीची वेगमर्यादा काटेकोरपणे पाळणे, घाट चढण्यापूर्वीच वजनाची तपासणी करणे आणि लांब पल्ल्याचा माल रेल्वेकडे वळविणे, हे चार उपाय एकत्र योजले तरच त्यांचा उपयोग होईल. राज्यातील अन्य घाटांच्या पायथ्याशी असलेल्या ग्रामपंचायतींनाही रात्रीच्या अपघातांची व मृत प्राण्यांची नोंद ठेवून ठरावाद्वारे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविता येईल. कोणत्या वेळी, कोणत्या वळणावर धोका आहे हे गावाइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकत नाही आणि नियम अशाच नोंदींच्या आधारे करावयाचा असतो.