शेवाळाची साक्ष

खाडीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले, तर हाती लागते ती फक्त त्या घटकेची गोष्ट. भरती येते, पाणी बदलते; मैलापाण्यातला नायट्रोजन तर सूक्ष्मजीव हां हां म्हणता फस्त करतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला हीच अडचण होती. शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मोर्टन उपसागरात उतरत होते, पण ते कुठवर पोचते हे बाटली सांगेना.

सायमन कॉस्टान्झो, विल्यम डेनिसन आणि सहकाऱ्यांनी मग साक्षीला बोलावले ते खारफुटीच्या मुळांवर वाढणारे ‘कॅटेनेला निपी’ हे लाल शैवाल. भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यांत ते घालायचे, उपसागरात ठिकठिकाणी चार दिवस टांगायचे आणि मग वाळवून त्यातला नायट्रोजन तपासायचा. शैवालाला पळून जाता येत नाही. चार दिवसांत समोर आले ते त्याने खाल्लेले असते.

आणि खाल्लेले लपत नाही. हवेतल्या नायट्रोजनच्या हजार अणूंत चारांहूनही कमी अणू जड, म्हणजे 15 वस्तुमानांकाचे असतात. मैलापाण्यातले जीवाणू हलके अणू आधी वापरतात, वायुरूपाने उडवून लावतात. मागे उरलेल्यांत जडांचे प्रमाण वाढते. रासायनिक खत थेट हवेतल्या नायट्रोजनपासून बनते, म्हणून त्याची खूण हवेच्या जवळची. शेत की संडास, हा वाद असा तराजूवर आला.

हे काम 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. नदीमुखांपाशी जड खूण आणि खुल्या समुद्राकडे जाताना तिचे विरळ होणे नकाशावर उमटले. आकड्यांच्या तक्त्याने जे जमले नसते ते या नकाशाने केले: नगरसेवकालाही तो कळत होता.

दरम्यान प्रक्रिया केंद्रांत नायट्रोजन काढण्याची सोय वाढवली गेली. 2005 च्या पाठपुराव्यात मैलापाण्याचा डाग आक्रसलेला दिसला. यात एक गंमत आहे. प्रक्रिया जितकी नेटकी, तितका उरलेला नायट्रोजन अधिक जड होतो. तरीही खूण फिकी पडली, ती नायट्रोजनच कमी आल्यामुळे.

पण ही पद्धत जशीच्या तशी कुठेही उचलून चालत नाही. जिथे मैला प्रक्रियेविनाच समुद्रात जातो तिथे जड अणूंची खूण फिकीच राहते, आणि घाण पाणी शैवालाच्या जबानीत स्वच्छ ठरू शकते.