प्लॅस्टिकची होडी फुटली? सांधा, पण प्लॅस्टिकनेच!

बागायतदार बंधूंनो, तारकर्ली-देवबागची रंगीत कयाक आता आपल्या ओळखीची झाली आहे. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यापासून खाडीकाठच्या शेतकऱ्यालाही पाहुण्यांसाठी एखादी घ्यावीशी वाटते. पण खारेपाटणला शुक नदीचे पात्र गाळाने भरलेले. सुकतीला दगड वर येतात, खाली विजयदुर्ग खाडीकडे त्यांवर कालवांच्या धारदार कडा. होडी ओढत काठाला आणली की बूड खरवडते, तडा जातो.

फायबरच्या होडीला आपण मॅट आणि रेझिन लावतो. तीच युक्ती इथे चालत नाही. बहुतेक कयाक पॉलिएथिलीनच्या, म्हणजे छपरावरच्या काळ्या टाकीच्या जातीच्या असतात. या प्लॅस्टिकला रेझिन किंवा लांबी धड चिकटत नाही. वाळल्यावर पक्की दिसते, पण बूड लवले की पापुद्र्यासारखी सुटते. वर बसायची कयाक आतून पोकळ. पाणी आत शिरते ते दिसत नाही. होडी जड होते, डुलते आणि कलंडते. म्हणून पाहुणे बसवण्यापूर्वी ती हलवून बघावी. आत खळखळले तर त्या दिवशी पाण्यात घालू नये.

दुरुस्ती कोरड्या दिवसांत करावी. आधी भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, नाहीतर भेग पुढे पळते. मग चाकूने भेगेवर 'व्ही' आकाराची खाच करावी, पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावे. रॉकेल नको, तेलकटपणा राहतो.

भरायला त्याच जातीची प्लॅस्टिक कांडी हवी. नसेल तर जुन्या टाकीची पट्टी वापरून बघता येते. पण पट्टी पाण्यात बुडाली तर ती कामाची नाही. पीव्हीसी पाइप असाच बुडतो. पट्टी आधी कयाकच्या आडबाजूला थोडी चिकटवून, गार झाल्यावर ओढून बघावी. निघाली तर जात वेगळी. आणि औषधाच्या रिकाम्या कॅनचे तुकडे मुळीच घेऊ नका. गरम केल्यावर त्यातला विषारी धूर थेट नाकात जातो!

गरम हवेच्या गनने कांडी आणि खाच दोन्ही एकदम तापवावी. चकाकी आली की कांडी दाबत पुढे जावे. धूर निघाला म्हणजे प्लॅस्टिक जळले. काम उघड्यावर करावे, आणि पाणी काढायचे बूच आधी उघडावे, आतली हवा फुगते. सांधा आपोआप गार होऊ द्यावा, पाणी ओतू नये. मोठ्या भोकाला मागून-पुढून ठिगळ लागते. ते कारागिराकडूनच करून घेतलेले बरे.

दुसऱ्या दिवशी आत बादलीभर पाणी ओतून सांधा खाली येईल अशी होडी कलती ठेवा. बाहेर थेंब दिसला तर काम पुन्हा. प्लॅस्टिक पांढुरके पडून नखाने भुगा निघत असेल तर मात्र वेल्डिंगचा खर्च फुकट, शेजारी नवी भेग पडणारच. अशी होडी माणसासाठी वापरू नये.

एरवी ती सावलीत पालथी ठेवावी, पण माडाखाली नको, नारळ पडतो! आणि पावसाळ्यापूर्वी पुराच्या पातळीच्या वर नेऊन बांधावी. शुक नदी कधी बाजारपेठेत शिरेल ते खारेपाटणकरांना सांगायला नको.